मामाचा फोटो आणि एका अक्षराची चूक

आमच्या आजोळी बैठकीच्या भिंतीवर मामाचा फोटो आहे. पांढरा शर्ट, बारीक मिशी आणि कानामागे श्रवणयंत्र. माझ्या जन्माआधीच, १९८७ साली, एकतिसाव्या वर्षी तो गेला. ‘किडनीला सूज आली होती’, एवढंच आजी सांगायची. कानाचं विचारलं तर म्हणायची, ‘लहानपणी मोठा ताप आला होता ना, त्यात गेले.’ या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या सात वर्षांच्या भाच्याला, म्हणजे मावसबहिणीच्या मुलाला, सर्दी-ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी लाल झाली. ‘उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी दे,’ मावशी म्हणाली. दोन दिवसांत रंग नेहमीसारखा झालाही. तरी बहिणीने तपासणी केलीच. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत रक्त होतंच. मुलांच्या किडनीतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्या घरात कुणाला तरुणपणी कमी ऐकू येत होतं का?’

बहिणीने मला रात्री फोन केला. आम्हा दोघींना एकदमच मामाचा फोटो आठवला.

या आजाराचं नाव अल्पोर्ट सिंड्रोम. १९२७ साली सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी लंडनमध्ये एका कुटुंबाची हकिकत लिहिली. त्या घरात लघवीतून रक्त जाणं आणि बहिरेपणा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चालत आले होते. पुरुष तरुणपणी दगावत, बायका मात्र म्हातारपणापर्यंत जगत. असं का, याचं उत्तर बरंच उशिरा, १९९० मध्ये मिळालं. सीओएल४ए५ नावाच्या जनुकात दोष सापडला आणि हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलग्याकडे एक्स एकच असतो. तो बिघडला की पर्याय नाही.

जनुक तपासणीचा अहवाल यायला काही आठवडे गेले. तो हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, ‘आजाराचं नाव कळलं, पण तेवढ्याने भागत नाही. चूक कोणत्या प्रकारची आहे, ते जास्त महत्त्वाचं.’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते. ‘चूक कोणत्या प्रकारची’ हा प्रश्न मला लगेच कळला. बाकीचं समजून घ्यायला मात्र महिने लागले.

जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. समजा, मजकूर असा आहे: ‘मदन कमळ जवळ पकड’. आता एकच अक्षर बदललं आणि ‘मदन कमर जवळ पकड’ झालं. अर्थ बिघडला, पण वाक्य शेवटपर्यंत पोचलं. याला मिसेन्स बदल म्हणतात. दुसरा प्रकार: एक अक्षर गळलं. मग पुढचे सगळे गट सरकतात, ‘मदन कळज वळप कड’. पुढे सगळी निरर्थक बडबड. तिसरा: मध्येच पूर्णविराम पडला, ‘मदन कमळ.’ संपलं. काही घरांत तर जनुकाचा मोठा तुकडाच गायब असतो.

याचा किडनीशी संबंध असा. प्रत्येक किडनीत रक्त गाळणाऱ्या सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांचं कापड कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेलं असतं आणि एकेक धागा तीन पदरांना पीळ देऊन होतो. सीओएल४ए५ हा त्यातल्या एका पदराचा आराखडा. या पदरात दर तिसऱ्या जागी ग्लायसीन नावाचं सर्वांत लहान अमायनो आम्ल असावंच लागतं, कारण पिळाच्या आत तेवढीच जागा असते. तिथे दुसरं मोठं काही आलं की पीळ अडखळतो. धागा होतो, पण कच्चा. पूर्णविराम मध्येच पडला तर तो पदर तयारच होत नाही आणि एक पदर नाही म्हणजे तीनपदरी धागाच नाही. मग बाळपणातलं तात्पुरतं, साधं कापडच गाळणीत राहतं. ते काही वर्षं काम करतं आणि मग विरत जातं. कानाच्या आतल्या भागात आणि डोळ्यांतही हेच कोलॅजन असतं. मामाच्या श्रवणयंत्राचं कारण तेच असावं.

याचे आकडेही आहेत. युरोपातल्या १९५ कुटुंबांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मजकूर तोडणारे किंवा मोठा तुकडा गाळणारे बदल असलेल्या पुरुषांपैकी तिशीच्या आत किडनी निकामी होण्याची शक्यता ९० टक्के होती. मिसेन्स बदल असलेल्यांत ५० टक्के. आजार तोच, जनुकही तेच, पण चुकीच्या प्रकाराने एवढा फरक पडतो.

मुलांच्या इतर आनुवंशिक किडनीविकारांतही हे दिसतं. पीकेएचडी१ या जनुकामुळे होणाऱ्या एका आजारात जन्मतःच किडन्यांत गाठी असतात. त्यात आई आणि वडील दोघांकडूनही मजकूर तोडणारा बदल आला, तर आजार बहुधा फार गंभीर असतो. एक जरी मिसेन्स असला, तरी बाळ तगण्याची आशा वाढते. लहान वयात वारंवार मुतखडे करणाऱ्या प्रायमरी हायपरऑक्झॅलुरियाच्या पहिल्या प्रकारात तर काही ठरावीक बदल असलेल्या मुलांना साध्या बी-६ जीवनसत्त्वाचा चांगला उपयोग होतो, इतरांना होत नाही.

भाच्याचा बदल मिसेन्स निघाला. ग्लायसीनच्याच जागी. ‘म्हणजे सौम्य ना?’ बहिणीने विचारलं. ‘तुलनेने,’ डॉक्टर म्हणाले. ‘तुमच्या मामांचाही बहुधा हाच असणार.’ आम्ही गप्प झालो. पण पुढचं वाक्य आम्हाला धीर देणारं होतं: ‘मामांच्या वेळी ही गोळी दिली जात नव्हती.’

ही गोळी म्हणजे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं रॅमिप्रिल आणि त्याच्या गटातली औषधं. गाळणीवरचा दाब ती कमी करतात. युरोपातल्या रुग्णनोंदींवर आधारलेला २०१२ चा एक अभ्यास आहे. उपचार न घेतलेल्यांत डायलिसिसची वेळ येण्याचं मध्यक वय २२ होतं. किडनी बरीच बिघडल्यावर औषध सुरू केलं त्यांच्यात ते २५ निघालं. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, पण किडनीचं काम अजून नीट चालू होतं, अशा वेळी औषध सुरू केलेल्यांत ४०. चुकीचा प्रकार आपल्या हातात नाही, पण औषध कधी सुरू होतं, ते पुष्कळसं आपल्या हातात आहे. एक्सशी निगडित प्रकार असलेल्या मुलग्यांना आता दोनेक वर्षांच्या वयानंतर निदान होताच औषध सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

आता थोडं अवघड. एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी बहिणीला ऐकवलं, ‘तुमच्याकडचं आहे म्हणे.’ बहीण तिथे काही बोलली नाही, पण घरी येऊन रडली. खरं आहे, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण तिच्या दोन एक्सपैकी कोणता जाणार, हे नाणं उडवण्यासारखं आहे. ते कुणी ठरवत नाही. काही मुलांत तर हा बदल घराण्यात कुणाकडेच नसताना नव्यानेच झालेला असतो.

आणि ‘बायकांना काही होत नाही’ हेही खरं नाही. त्याच युरोपीय कुटुंबांतल्या स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये आला. चाळिशीच्या आत किडनी निकामी होण्याचं प्रमाण स्त्रियांत १२ टक्के होतं, पुरुषांत ९०. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो आणि कोणता, ते नशिबावर. त्यामुळे स्त्रियांमध्ये चुकीच्या प्रकारावरून फारसं भाकीत करता येत नाही. माझा सगळा तर्क इथे थांबतो. हे माझ्यापुरतं महत्त्वाचं आहे, कारण तपासणीत मावशी, माझी आई आणि मी, तिघींमध्ये तोच बदल सापडला. माझ्या लघवीत रक्त आहे, प्रथिनं नाहीत. दरवर्षी तपासणी आणि रक्तदाबावर लक्ष, एवढंच सध्या. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिचीही लघवी तपासली, पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवू.

आपल्याकडे मुलाला किडनी द्यायला सगळ्यांत आधी आई पुढे होते. या आजारात तिच्यातच तो बदल असू शकतो, म्हणून तिची आधी नीट तपासणी हवी. ती पहिली निवड नसावी, असं तज्ज्ञ सांगतात.

तुमच्या घरात एखाद्या मुलाची लघवी सर्दी-तापात लाल झाली, तर रंग गेला म्हणून सोडून देऊ नका. साध्या लघवी तपासणीला फार खर्च येत नाही. आणि सुट्टीत आजोळी गेलात की आजी-आजोबांना विचारा: कोण तरुणपणी गेलं, कशाने गेलं, कुणाला कमी ऐकू यायचं. डॉक्टर विचारतील तेव्हा ते माहीत असलेलं बरं.

भाचा आता नऊ वर्षांचा आहे. रोज गोळी घेतो, दर सहा महिन्यांनी कान तपासून येतो आणि क्रिकेट खेळतो. मागच्या महिन्यात आजोळी गेलो, तेव्हा त्याने फोटोकडे बोट दाखवून विचारलं, ‘मावशी, या आजोबांना माझाच आजार होता ना?’ बैठकीत सगळे होते. या वेळी कुणी विषय बदलला नाही.