हृदयाच्या दारातला फुगा

मैदानावर धावताना एखादा मुलगा अचानक कोसळतो आणि मिनिटभरात उठूनही बसतो. ऊन लागले असेल, सकाळी काही खाल्ले नसेल, असे म्हणून आपण त्याला सावलीत नेतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण क्वचित यामागे जन्मजात दोष असतो: हृदयातून महारोहिणीत उघडणारी झडप पुरती उघडत नाही.

या झडपेला तीन पाकळ्या असतात. काही मुलांत त्या गर्भातच कडांशी चिकटून राहतात. पुष्कळदा तीनऐवजी दोनच असतात. वाट अरुंद झाली की डाव्या निलयाला जास्त जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होते. गंमत अशी, की मूल वरून धडधाकट दिसते. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा खरखर ऐकू येते आणि मग संशय येतो.

वाट किती अरुंद आहे हे छाती न उघडता कसे कळते? बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबले की पाणी जोरात उडते. रक्ताचेही तसेच. डॉप्लर यंत्राने त्याचा वेग मोजतात आणि बर्नूलीच्या नियमाने झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक काढतात. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर करून पाहावे. अर्धा गुणिले घनता (१०६०) गुणिले वेगाचा वर्ग, हे उत्तर पास्कलमध्ये येते. त्याला १३३ ने भागले की पाऱ्याचे मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ चार गुणिले वेगाचा वर्ग! वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर फरक ६४ मिलिमीटर. निरोगी झडपेत वेग दीड मीटरच्या आतबाहेर असतो.

१९८२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जीन कॅन आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीची अरुंद झडप फुग्याने उघडली. पाठोपाठ १९८३ मध्ये मिसुरी विद्यापीठातील झुहदी लबाबिदी यांनी महारोहिणीच्या झडपेवर केलेला असाच उपचार प्रसिद्ध केला. जांघेतल्या रोहिणीतून बारीक तार झडपेपलीकडे सरकवायची, तिच्यावरून टोकाशी मिटलेला फुगा असलेली नळी न्यायची आणि फुगा झडपेच्या मधोमध आणून काही सेकंद फुगवायचा. हा फुगा जत्रेतल्यासारखा ताणत जाणारा नसतो. ठरलेल्या व्यासापलीकडे तो सहसा जात नाही. त्यात हवाही भरत नाहीत. फुगा फुटलाच तर हवेचा बुडबुडा मेंदूकडे जाऊ शकतो, म्हणून क्ष-किरणांत दिसणारे पातळ केलेले द्रव्य भरतात. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदय फुग्याला बाहेर ढकलते. तो जागेवर राहावा म्हणून विजेच्या स्पंदांनी हृदय काही क्षण इतके जलद धडधडवतात, की त्यातून रक्त जेमतेमच बाहेर पडते.

फुगा नेमके करतो काय? तो चिकटलेली कड फाडतो. आम्हाला या उपचारातली खरी मेख इथेच दिसते. फाट शिवणीवर गेली तर उत्तम. पण पाकळीच फाटली तर झडप मिटेनाशी होते आणि रक्त उलटे गळते. अरुंदपणा गेला, गळती आली! म्हणून फुगा झडपेच्या कड्याहून किंचित लहान निवडतात. कडे १५ मिलिमीटरचे असेल तर सुमारे १३ चा. फरक शून्यावर आणण्याचा हट्टही धरत नाहीत. तो ३५ च्या आत आला आणि गळती नाममात्र असली, तर काम फत्ते समजतात.

झडप मात्र सदोषच राहते. पुढे वर्षांनी पुष्कळांना पुन्हा फुगा किंवा शस्त्रक्रिया लागते. मग सुरुवातीलाच धातूची झडप का बसवू नये? कारण ती मुलाबरोबर वाढत नाही, शिवाय रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध घ्यावे लागते.

सगळे सुरळीत झाले तर मूल थोड्याच दिवसांत वर्गात परतते. छातीवर व्रण नसतो, त्यामुळे कोणाला काही कळतही नाही. क्रीडाशिक्षकांनी पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी अवश्य मागावी, आणि गेल्या वर्षीची चालवून घेऊ नये. लंगडी-कबड्डी चालेल की नाही हे उरलेल्या फरकावर आणि गळतीवर ठरते, आणि ते दोन्ही मुलाच्या वाढीबरोबर बदलत असतात.