गोड्या पाण्याचे तरते भिंग

बोरिवलीकडून होडीने खाडी ओलांडून गोराईला गेलात तर पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस खारफुटीची खाडी आणि मधल्या जमिनीवर विहिरी दिसतील. दोन्ही अंगांना खारे पाणी असता विहिरीत गोडे पाणी येते कोठून?

एका पेल्यात रंगीत मिठाचे पाणी घ्या. वर चमच्यावरून साधे पाणी अलगद सोडा. ते वरच राहील. एक लिटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १००० ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५. किनाऱ्याच्या वाळूत मुरलेला पाऊसही असाच खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगतो. हॉलंडचे घायबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग (१९०१) यांनी स्वतंत्रपणे याचे गणित मांडले. १००० ला २५ ने भागा, उत्तर ४०. भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल, तर खाली ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. (खडकाच्या भेगांत हा हिशेब इतका नेमका जुळत नाही.)

हा ४० चा आकडा उलटाही फिरतो. पंपाने पातळी २५ सेंटिमीटर उतरली की खारे पाणी कालांतराने १० मीटर वर सरकते! विहीर आटण्याआधीच ती खारट होते. त्यात १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आहे. सखल जमिनीत भूजल तितके वर चढू शकले नाही, तर १ मीटरचे ८० सेंटिमीटर उरतात, आणि ४० मीटरचे ३२.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात पूर आणि जलव्यवस्थापन हा एक स्वतंत्र विषय आहे. गोराईशेजारी मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प महापालिकेने योजला आहे. पाऊस दगा देईल तेव्हा त्याचा आधार वाटेल, हे खरे. पण अशा यंत्रणेत दर हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते, म्हणजे रोज सहा ते आठ लाख युनिट.

आता छपराकडे पाहू. १०० चौरस मीटर छपरावर मोसमात २ मीटर पाऊस पडला, तर २ लाख लिटर पाणी मिळते. समुद्रातून तेवढे काढायला ६०० ते ८०० युनिट पडतील. छपरावरून खड्ड्यात मुरवायला एकही नाही. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल साठवण सक्तीची झाली, जुन्या घरांचे मात्र राहूनच गेले. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असे पाणी मुरायला थांबत नाही, म्हणून खड्डा केवढा हवा हाही प्रश्नच आहे. आपल्या शाळेचे छप्पर मोजून हा हिशेब वहीत मांडून पहा.