पलीकडे माणूस हवा

मैत्रिणीची नोकरी गेली. शुक्रवारी संध्याकाळी वकिलाला फोन केला तर यंत्र म्हणालं, निरोप ठेवा. पाठ केलेलं इंग्रजी तिथेच अडलं. तिने फोन ठेवून दिला. अन्यायाने कामावरून काढलं तर फेअर वर्क कमिशनकडे अर्ज करायला इथे २१ दिवसच मिळतात, शनिवार-रविवार धरून. तिचे १६ गेले होते! मी दुसरा नंबर लावायला लावला. तिथे एक बाई बोलली. ती वकील नव्हती, सल्लाही दिला नाही, एवढंच विचारलं, "काढलं कोणत्या तारखेला?" आणि सोमवारी सकाळची पहिली वेळ दिली. यंत्राला ही तारीख विचारायचं सुचलं नसतं. इंग्रजी अडलं तर १३१ ४५० वर दुभाषा मागा. १९७३ पासूनची ही सरकारी सेवा रात्रीही चालू असते. नंबर फ्रिजवर लावून ठेवा.