कागदावरचा दिवा उजेड कुठून आणतो?

रात्रीचं चित्र काढायचं म्हटलं की पहिला हात काळ्या रंगाकडे जातो. चित्र संपतं तेव्हा मात्र रात्र दिसत नाही, नुसता काळा कागद दिसतो. असं का होतं ते पाहू. संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा, हेही त्यातूनच कळेल.

आधी आकडे. पांढरा कागद त्यावर पडलेल्या उजेडाचा साधारण 80-90 टक्के भाग परत पाठवतो, काळा रंग 4-5 टक्के. म्हणजे कागदावर सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यांच्यात फरक जेमतेम वीसपट. खऱ्या खोलीत ज्योत आणि अंधारा कोपरा यांच्यात तो हजारो पटींचा असतो. मग चित्रातला दिवा पेटलेला कसा वाटतो?

कारण डोळा उजेड मीटरसारखा मोजत नाही, शेजारच्या जागेशी तुलना करतो. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापा. एक काळ्यावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ वाटेल.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप'. 1945-46 च्या सुमाराचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकांना ते रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं, पण आहे जलरंगात. दिवा घेतलेली बाई ज्योतीपुढे हात धरते आणि बोटं लालसर उजळतात. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, लाल बराचसा आरपार जातो, म्हणून. आता नीट बघा: खरा उजळ भाग किती थोडा आहे! चेहरा, हात, साडीचा काही भाग. बाकी सगळं मधल्या आणि गडद छटांत. पारदर्शक जलरंगात उजळ जागा म्हणजे पातळ रंगाखालचा कागदच. तो राखून ठेवावा लागतो, नंतर आणता येत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. रात्री शेंद्रा एमआयडीसीतल्या एखाद्या रस्त्यावर, दिव्यापासून लांब, सुरक्षित जागी थांबा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला 20-30 मिनिटं लागतात. हळूहळू लाल वस्तू काळपट दिसू लागते, निळी त्यामानाने उजळ. मंद उजेडात डोळ्यातल्या शंकूपेशींचं काम दंडपेशी घेतात, त्याचा हा परिणाम. याला पुरकिन्ये परिणाम म्हणतात. म्हणून चित्रात दिव्याजवळ उबदार रंग, आणि लांब रंग कमी करून निळसर छटा.

आता संशोधनाचं. 'रात्रीच्या चित्रात उजेड कसा दाखवतात?' हा विषय झाला, प्रश्न नाही. 'ठिपका तोच ठेवून पार्श्वभूमी गडद करत नेली, तर तो किती उजळ वाटतो?' हा प्रश्न. यात एकच गोष्ट बदलते, बाकी स्थिर. आणि मोजलेला उजेड व जाणवलेला उजेड यांचे वहीत दोन वेगळे रकाने करा. मोबाइलच्या फोटोतून पहिला रकानासुद्धा भरू नका; कॅमेरा स्वतःच उजेड कमी-जास्त करतो. हे दोन रकाने एकत्र झाले, की पुढचं सगळं विश्लेषण कितीही नीट केलं तरी निष्कर्ष नेमका कशाबद्दल आहे, हे सांगता येत नाही.