कुठं लागलं, आठवत नाही

बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मांडीवरचा रुपयाएवढा निळा डाग बघून त्या विचारतात, ‘‘हे कुठं लागलं गं?’’ बाळंतीण म्हणते, ‘‘काय की, आठवतच नाही.’’ दोन दिवसांनी दंडावर दुसरा डाग उमटतो, मग पोटरीवर तिसरा. घरातलं निदान तयारच असतं : अशक्तपणा! दूध पाजते ना, बाळ सगळं ओढून घेतं.

त्वचेखालची बारीक रक्तवाहिनी फुटते, रक्त बाहेर झिरपून साकळतं, तो हा डाग. साकळलेल्या तांबड्या पेशी मोडू लागल्या की हिमोग्लोबिनमधल्या ‘हीम’पासून आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन बनतं. म्हणून जांभळा डाग हिरवट होतो, पिवळा पडतो आणि विरतो. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते याच बिलिरुबिनसाठी. आईच्या मांडीवर आणि बाळाच्या अंगावर पिवळेपणा एकाच रंगद्रव्याचा.

बऱ्याच डागांचं कारण साधं असतं. रात्री तीनदा उठणारी बाई अंधारात पलंगाच्या कडेला आपटते आणि सकाळी ते तिच्या लक्षातही नसतं. मूल सारखं एकाच कडेवर असतं. जोरकस मालिशनंही डाग पडतात, हे तेल लावणाऱ्या बाईंना सांगायची हिंमत मात्र कोणी करत नाही. असे डाग बहुधा नडगीवर, मांडीवर, हातांवर असतात. पाठीवर, पोटावर, छातीवर तळहाताएवढे डाग दिसले तर गोष्ट वेगळी. कधी कधी ‘आठवत नाही’ याचा अर्थ ‘सांगता येत नाही’ असाही असतो. म्हणून चांगले डॉक्टर सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवून एकदा विचारतात.

रक्तातच काही बिघडलं असेल, तर बाळंतपण होऊन किती दिवस झाले हे आधी बघावं लागतं. गरोदरपणात शरीर प्रसूतीच्या रक्तस्रावाची तयारी करतं. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढतं, आठवा घटक वाढतो, आणि वॉन विलेब्रँड घटक तर दुप्पट-तिप्पट होतो. फुटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला प्लेटलेट चिकटवणारी ही खळच म्हणा. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत ही वाढीव शिबंदी परत जाते. जिच्याकडे मुळातच ही खळ कमी होती, तिचं उणेपण नऊ महिने झाकलेलं राहतं आणि मूल मांडीवर आल्यावर उघडं पडतं.

या घटकाला ज्यांचं नाव मिळालं ते एरिक वॉन विलेब्रँड फिनलंडचे डॉक्टर. 1924 मध्ये त्यांच्याकडे ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी आली. रक्त थांबत नसे, आणि तिच्या काही बहिणी रक्तस्रावानं आधीच गेल्या होत्या. त्यांनी त्या कुळातल्या 66 जणांची माहिती जमवली. 23 जणांना हाच त्रास होता, त्यांत बायकाही होत्या. ‘रक्त न थांबणं हा पुरुषांचा आजार’ या समजुतीत हे बसत नव्हतं. 1926 मध्ये त्यांनी हा निराळा आजार म्हणून मांडला. ती मुलगी पुढं वयात आल्यावर पाळीच्या रक्तस्रावानंच गेली.

या आजाराचा सौम्य प्रकार घेऊन कितीतरी बायका आयुष्य काढतात आणि त्यांना पत्ता नसतो. तपासणीतही एक मेख आहे. बाळंतपणानंतर लगेच हा घटक मोजला तर आकडा नॉर्मल येतो, कारण तो अजून उतरलेला नसतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मोजावा लागतो. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसांत तो एरवीही कमीच असतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरा संशयित म्हणजे प्लेटलेट. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. कधी शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्यांच्यावर उलटते, कधी डेंग्यूत त्या घसरतात. अशा वेळी मोठ्या डागांपेक्षा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, दाबले तरी न विरणारे. पावसाळ्यात तापासोबत असे ठिपके दिसले तर पपईच्या पानांचा रस शोधत बसू नये, दवाखाना गाठावा.

क्वचित प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत शरीर स्वतःच्याच आठव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग डाग पसरट पडतात, स्नायूंत रक्त साकळतं. प्लेटलेटचा आकडा चांगला असतो, पण ‘एपीटीटी’ ही गोठण्याची चाचणी लांबते. दुर्मीळ आजार, पण जिवावर बेतणारा.

औषधांचा हिशेबही घ्यायला हवा. टाके दुखतात म्हणून घेतलेल्या आयबुप्रोफेनचा प्लेटलेटवरचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो. अ‍ॅस्पिरिन मात्र प्लेटलेटला तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर निकामी करतं. सिझेरियननंतर काहींना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं दिलेली असतात.

आणि अशक्तपणाचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला, त्यामुळं घरच्यांना तोच आधी आठवतो. वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मधोमध धावतात आणि प्लेटलेटना भिंतीकडे ढकलतात. तांबड्या पेशी फारच कमी झाल्या की हे ढकलणं कमी होतं. पण सौम्य रक्तक्षयानं एवढे डाग पडत नाहीत. ‘आंबट खाऊ नको, बाळाला सर्दी होईल’ म्हणून लिंबू, पेरू, आवळा महिनोन् महिने तोडले तर क जीवनसत्त्व घटतं. ते फार घटलं की रक्तवाहिन्या नाजूक होतात. स्तनपान देणाऱ्या आईला त्याची गरज एरवीपेक्षा जास्त असते, आणि आपण नेमकं तेव्हाच ते बंद करतो.

हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, अंगावरून पुन्हा जास्त जाऊ लागलं असेल, तर थांबू नये. सुरुवातीला सीबीसी, पीटी आणि एपीटीटी या रक्ताच्या चाचण्या पुरतात. पण त्याहून उपयोगी एक प्रश्न डॉक्टर विचारतात : दाढ काढली तेव्हा रक्त किती वेळ वाहत होतं, आणि आईला, आत्याला, मावशीला पाळी कशी यायची? यावर अनेकदा उत्तर येतं, ‘‘आमच्याकडं सगळ्यांनाच असं जास्त जातं.’’