अ‍ॅडव्हान्स म्हणजे नेमके काय?

चप्पल लाईनमध्ये बाहेरगावचा दुकानदार येतो, शंभर जोड कोल्हापुरी सांगतो आणि पाच हजार रुपये हातावर ठेवतो. कारागीर वहीत लिहितो, 'अ‍ॅडव्हान्स ५,०००'. पुढे दुकानदार माल उचलत नाही, पैसे मात्र परत मागतो. तोपर्यंत चामडे कापून झालेले असते. कारागीर म्हणतो, अ‍ॅडव्हान्स बुडाला. दुकानदार म्हणतो, पैसे माझेच होते. दोघेही खोटे बोलत नाहीत. आपणच या एका इंग्रजी शब्दात तीन-चार निरनिराळे व्यवहार कोंबले आहेत.

इंग्रजीत अ‍ॅडव्हान्स म्हणजे पुढे सरकणे. पैशाच्या बाबतीत, वेळेआधी दिलेली रक्कम. ती परत मिळणार की नाही, हे तो शब्द सांगत नाही. आपले जुने शब्द सांगत होते. सौदा पक्का करण्यासाठी दिला जातो तो विसार. जमिनीच्या व्यवहारात आपल्या भागात त्यालाच संचकार म्हणतात, घरात आपण बयाना म्हणतो आणि इंग्रजीत तो अर्नेस्ट मनी. सौदा पार पडला तर तो किमतीत वळता होतो. देणाऱ्याने मोडला तर जातो, असा रिवाज. डिपॉझिट म्हणजे अनामत. हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला आहे. परत करण्यासाठीच ठेवलेली रक्कम. गाळ्याचे डिपॉझिट मालक बिनदिक्कत वापरतो, ही गोष्ट वेगळी!

उचल या शब्दाचे तर दोन अर्थ आहेत. कारखाना ऊसवाल्याला पहिली उचल देतो तो किमतीचा पहिला हप्ता. मुकादम तोडणी मजुराला उचल देतो ते मात्र कामातून फेडायचे कर्ज. ते फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. कारागिरांना उचल देणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे.

शब्दाला कोर्टातही किंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की रक्कम विसार म्हणून दिली असेल आणि करारात तसे स्पष्ट असेल, तरच ती जप्त करता येते. नुसता किमतीचा भाग म्हणून दिली असेल तर नाही. २०१५ च्या निकालात आणखी पुढे जाऊन म्हटले की करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई. नुकसानच झाले नसेल तर जप्ती नाही.

शरीअतमध्ये बयान्याच्या अशा सौद्याला 'उर्बून' म्हणतात. हनफी, शाफई आणि मालिकी फिक्हमध्ये बयाना गिळणे जायज नाही, कारण त्या पैशाच्या बदल्यात काहीच दिलेले नसते. हंबली मात्र मुभा देतात, आणि जेद्दाच्या फिक्ह अकादमीनेही १९९३ साली, मुदत ठरलेली असेल तर, परवानगी दिली. मग कारागिराने काय करावे? सांगून माल बनवून घेण्याच्या व्यवहाराला हनफी फिक्हमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. तो जायज आहे, आणि त्यात सगळी रक्कम आधी द्यावी लागत नाही. 'सलम'मध्ये मात्र पूर्ण किंमत सौद्याच्या वेळीच द्यावी लागते. माप, दर्जा आणि मुदतही ठरवावी लागते. आमच्या मते रक्कम सबंध जप्त न करता प्रत्यक्ष झालेले नुकसान तेवढे कापून घ्यावे. कायद्यालाही तेच मान्य आहे. अडचण वाटल्यास आलिमांना विचारून घ्यावे.

जीएसटीतही हाच फरक आहे. नियमित नोंदणी असलेल्यांना मालापोटी आगाऊ घेतलेल्या रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून त्या वेळी कर भरावा लागत नाही. सेवेपोटी घेतली तर भरावा लागतो. अनामत बिलात वळती करेपर्यंत ती मोबदला धरली जात नाही.

तेव्हा पावतीवर नुसते 'अ‍ॅडव्हान्स' लिहू नये. असे लिहावे: 'शंभर जोड, नंबर ६ ते ९, दर अमुक. विसार रुपये ५,०००. अमुक तारखेपर्यंत माल न उचलल्यास कापलेले चामडे व झालेली मजुरी यांचे नुकसान वजा करून बाकी परत.' खाली दोघांच्या सह्या, आणि एक प्रत दुकानदाराच्या हातात.