मुंबई उपनगरांतील बालशिक्षण व पाळणाघरे

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादी भागांत सहा वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाची व सांभाळाची जी सोय आहे, तिचे अंगणवाडी, बालवाडी किंवा शिशुवर्ग आणि पाळणाघर असे तीन प्रमुख प्रकार आढळतात. बोलण्यात या संज्ञा एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे उद्देश, चालक आणि वेळा निरनिराळ्या आहेत.

== पूर्वपीठिका ==
महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या चळवळीचा पाया ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी घातला. मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत मॉन्टेसरी पद्धतीचे प्रयोग केले. सन १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली व सन १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. मॉन्टेसरी साधने महाग असल्याने ही शाळा सुखवस्तू घरांपुरतीच राहील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून सन १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर शिक्षण उभे केले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे 'अंगणवाडी' आकारास आली. पुढे हा शब्द देशभरातील सरकारी योजनेने उचलला. अंगण नावालाही नसलेल्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत तो आज नांदतो आहे.

== अंगणवाडी ==
एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांसाठी आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. उपनगरांत जागेची टंचाई हीच मोठी अडचण आहे. पुष्कळ अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. तेथेच धान्य, वजनकाटा, नोंदवह्या आणि मुले. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना वेतन नसून मानधन मिळते. त्या उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सन २०२२ मध्ये दिला. मानधनवाढ व अन्य मागण्यांसाठी राज्यातील सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून प्रदीर्घ संपही केला.

== बालवाडी व शिशुवर्ग ==
खाजगी शिशुवर्ग, महापालिका शाळांतील बालवाड्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्या असे येथे तीन थर दिसतात. सन १९९४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेने वस्तीतीलच तरुणींना प्रशिक्षण देऊन घरात, देवळात, मंडळाच्या कार्यालयात, मिळेल त्या जागेत बालवाड्या चालवल्या. खाजगी वर्गांतील प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या, तेव्हा १९९०च्या दशकात राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय 'पायाभूत स्तर' मानले. तथापि शिक्षणहक्क कायद्याची हमी सहाव्या वर्षापासूनच सुरू होते. बालशिक्षण मातृभाषेतून व्हावे, हा विचार आता मागे पडला असून मराठी शिशुवर्गांची जागा इंग्रजी नर्सरी व केजी घेत आहेत. ही खेदाची बाब होय.

== पाळणाघर ==
बालवाडी दोन-तीन तासांत सुटते. बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर आहे आणि नोकरदार आई प्रवासासह दहा-बारा तास घराबाहेर असते. या दोहोंतील अंतर आजी-आजोबा किंवा पाळणाघर भरून काढतात. उपनगरांतील पाळणाघर बहुधा इमारतीतल्याच एखाद्या गृहिणीच्या घरी चालते. डबा आईने द्यायचा, भरवायचे 'मावशीं'नी, असा रिवाज. दुपारची झोप, संध्याकाळचा खेळ आणि शाळेच्या बसमधून मूल उतरवून घेणे हेही त्यातच येते. गाडी उशिरा आली की मूल तासभर अधिक थांबते. हा व्यवहार मुख्यतः परिचयावर आणि विश्वासावर चालतो.

मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ नुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. परंतु नरिमन पॉइंटच्या कचेरीत पाळणाघर असले, तरी सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून दीड वर्षाचे मूल तेथवर न्यायचे कसे? त्यामुळे घराजवळच्या पाळणाघराची गरज कायद्याने कमी झालेली नाही. कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये ३० हून अधिक स्त्री-कामगारांसाठी अशीच तरतूद होती; मात्र घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातील अनेक कारखाने बंद पडून तेथे निवासी मनोरे उभे राहिले.

ते मनोरे बांधणाऱ्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस या संस्थेने काम केले. मीरा महादेवन यांनी सन १९६९ मध्ये दिल्लीत ती सुरू केली व सन १९७२ मध्ये तिचे काम मुंबईत आले. बांधकामाच्या जागीच तान्ह्यांचा सांभाळ, आहार, वैद्यकीय तपासणी व शिक्षण असे तिचे स्वरूप असून, इमारत पूर्ण झाली की केंद्र हलते. सन १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर अशी सोय सक्तीची केली होती. अनेक घरांत धुणीभांडी करून फिरणाऱ्या स्त्रियांना यांपैकी कोणताच कायदा लागू पडत नाही, कारण त्यांची 'आस्थापना' म्हणजे एकेक घर. दुसऱ्याचे मूल सांभाळायला गेलेल्या बाईचे स्वतःचे मूल बहुधा शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे असते, आणि ती बहीण त्या दिवशी शाळेत गेलेली नसते.